बटण दाबून चहाला जाणाऱ्या माणसासाठी ड्युअल बूटचा मेनू

माझ्या काकांचं नारायण पेठेत डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, आणि गणपती उठले की दिवाळी अंकांची पानं. सगळं काम विंडोजवर, श्रीलिपी आणि पेजमेकर, त्यात बदल होणार नाही आणि कोणी सुचवूही नये. त्याच मशीनवर धाकट्या चुलतभावाने कॉलेजसाठी विंडोजच्या शेजारी उबंटू, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, टाकलं (एका मशीनवर अशा दोन सिस्टिम म्हणजेच ड्युअल बूट), आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मला कोथरूडला फोन, "अरे तो जांभळा पडदा आलाय, माझं काम कुठे गेलं?"

काम कुठेही गेलं नव्हतं. झालं असं की काका बटण दाबतात आणि खाली चहाला जातात, गेली पंधरा वर्षं. कोणती सिस्टिम चालू करायची ते विचारणारा मेनू आला, त्यात पहिलं नाव उबंटूचं, दहा सेकंद थांबला, कोणी काही दाबलं नाही म्हणून उबंटू चालू झालं. काका परत आले, रिस्टार्ट केलं, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, परत उबंटू. तिसऱ्यांदा मला फोन.

त्या दिवसापासून माझं एकच मत आहे. मेनूतला डीफॉल्ट, म्हणजे कोणी काही दाबलं नाही तर आपोआप चालू होणारी ओळ, हा त्या माणसाचा असतो जो मेनू बघतच नाही. ज्याला मेनू कळतो तो बाण दाबून खाली जाईल, त्याचं काही बिघडत नाही. नेटवर सापडणारे बहुतेक सल्ले एका माणसाच्या एका लॅपटॉपसाठी असतात, घरात किंवा दुकानात दोघं एकच मशीन वापरत असतील तर तेच सल्ले अंगाशी येतात, कसे ते पुढे सांगतो.

कमांड मी फोनवर धाकट्याला सांगतो तशाच, बोलून दाखवल्यासारख्या लिहितोय. टाइप करताना अर्थात इंग्रजी अक्षरं, सगळी स्मॉल, फक्त सेटिंगची नावं कॅपिटलमधे आणि मधे अंडरस्कोअर. सुरुवातीला सुडो असेल तर ती कमांड ॲडमिनच्या अधिकाराने चालते. हे सगळं उबंटू आणि मिंट (हेही लिनक्सच) यांना धरून आहे.

आधी विंडोजमधली दोन कामं, आणि ही टाळू नका

पहिलं म्हणजे बिटलॉकर, विंडोजची डिस्कला कुलूप घालायची सोय. नवीन लॅपटॉपवर विंडोज ११ असेल तर डिस्क एन्क्रिप्ट झालेली असू शकते आणि तुम्हाला पत्ताही नसतो. बूटचा रस्ता बदलला की विंडोजला संशय येतो आणि निळ्या स्क्रीनवर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर विषय संपला, आतला डेटा मिळत नाही. म्हणून कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा आणि

मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -गेट सी:

ही कमांड द्यायची. की असेल तर समोर येते, ती कागदावर लिहून घ्या, त्याच मशीनमधे सेव्ह करून ठेवू नका (हसू नका, लोक करतात). काकांच्या मशीनचं अकाउंट दुकानदाराने विकताना स्वतःच्याच मेलवर काढून दिलं होतं, त्यामुळे की ऑनलाइन बघायची सोयच नव्हती, या कमांडनेच वाचवलं.

दुसरं फास्ट स्टार्टअप. विंडोजमधे शटडाऊन केलं तरी ते पूर्ण बंद होत नाही, स्वतःचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, डिस्कवर झोपवून ठेवतं, आणि मग उबंटूतून सी ड्राइव्ह उघडायला गेलं की तो नुसता वाचता येतो, लिहिता येत नाही, किंवा उघडतच नाही. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, तिथे पॉवर बटणांनी काय करायचं ते ठरवायचं पान आहे, त्यात फास्ट स्टार्टअपची टिक काढायची. विंडोज चार-पाच सेकंद उशिरा चालू होईल, काकांच्या चहाला त्याने फरक पडत नाही.

मेनू एक नाही, दोन आहेत

इथे बरेच जण गोंधळतात. बटण दाबल्यावर आधी मदरबोर्डचं फर्मवेअर जागं होतं, ज्याला आपण सवयीने अजून बायोसच म्हणतो, त्याच्याकडे स्वतःची एक यादी असते की कोणाला आधी उठवायचं. ती यादी हार्ड डिस्कवर नाही, बोर्डाच्या मेमरीत असते. त्यात उबंटू वर असेल तर तो डिस्कवरच्या छोट्या ईएफआय पार्टिशनमधून (सिस्टिम चालू करणारे प्रोग्रॅम ठेवायचा डिस्कचा वेगळा कप्पा) ग्रब नावाचा प्रोग्रॅम उचलतो, आणि ग्रब मग आपल्याला दिसणारा मेनू दाखवतो. विंडोज वर असेल तर ग्रबला कोणी विचारतच नाही, थेट विंडोज. म्हणजे मेनूच दिसत नाहीये ही एक तक्रार, आणि मेनू दिसतो पण भलतंच चालू होतं ही वेगळी तक्रार, औषधं वेगळी. पहिली असेल तर ग्रबच्या फाइलीत दिवसभर खुडबुड करून काही होणार नाही.

यादी बघायला उबंटूत

सुडो ईएफआयबूटएमजीआर

एवढंच. बूटऑर्डर अशी ओळ दिसेल आणि खाली प्रत्येकाचा चार आकडी नंबर. समजा उबंटू ०००३ आहे आणि विंडोज ००००, आणि ऑर्डरमधे विंडोज आधी आहे, तर त्याच कमांडपुढे -ओ देऊन ०००३,०००० असं लिहायचं. यादीत आणखी नंबर असतील तर तेही मागे जोडा. उबंटूत शिरताच येत नसेल तर मशीन चालू करताना बूटची की दाबा. डेल आणि लेनोवोला एफ१२, एचपीला एस्केप आणि मग एफ९, आसुसच्या लॅपटॉपला एस्केप. तिथून उबंटू निवडून आत जा आणि मग ऑर्डर बदला.

आता खरं काम

ग्रबच्या सेटिंगची फाइल एकच, तिची आधी कॉपी करून ठेवायची:

सुडो सीपी /इटीसी/डिफॉल्ट/ग्रब /इटीसी/डिफॉल्ट/ग्रब.जुना
सुडो नॅनो /इटीसी/डिफॉल्ट/ग्रब

इटीसी म्हणजे ई-टी-सी. बूट फोल्डरमधे ग्रब.सीएफजी नावाची दुसरी फाइल आहे, तिच्या डोक्यावरच लिहिलंय की मला हात लावू नका, तरी लोक लावतात, आणि पुढचा कर्नल अपडेट आला की सगळं पुसलं जातं, कारण ती फाइल दर वेळी नव्याने तयार होते. आपण लिहायचं ते इटीसीमधल्या फाइलीत.

आत गेल्यावर ग्रब_टाइमआउट ० दिसेल, आणि तुम्ही म्हणाल की मेनू तर दहा सेकंद थांबतो. बरोबर आहे, उबंटूला दुसरी सिस्टिम सापडली आणि तुम्ही ० ठेवलं असेल तर ते स्वतःहून १० करतं. तुम्ही ठाम आकडा दिला की मग तुमचा आकडा. मी ५ ठेवतो. -१ दिलं तर मेनू कोणी एंटर दाबेपर्यंत बसून राहतो, ऐकायला छान वाटतं पण काका चहाहून येतात तेव्हा मशीन अजून मेनूवरच, परत फोन. ग्रब_टाइमआउट_स्टाइल हिडन असेल तर मेनू करा.

मेनूत विंडोज दिसतच नसेल, आणि अपडेट-ग्रब चालवल्यावर ओएस-प्रोबर चालवला जाणार नाही अशा अर्थाचा इशारा येत असेल, तर दोष तुमचा नाही. ग्रबच्या २.०६ पासून, म्हणजे २०२१ पासून, दुसऱ्या सिस्टिम शोधणारा हा ओएस-प्रोबर सुरक्षेच्या कारणाने मुळातच बंद केलाय. फाइलीत ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स ही ओळ असू शकते पण पुढे # असतो, तो काढायचा. ओळच नसेल तर शेवटी लिहायची. फॉल्स म्हणजे बंद करणं बंद, दोनदा वाचलं की कळतं.

नॅनोतून बाहेर यायला कंट्रोल-ओ, एंटर, कंट्रोल-एक्स. आणि प्रत्येक बदलानंतर

सुडो अपडेट-ग्रब

हे विसरलात तर केलेलं सगळं फुकट. फाइल बदलली आणि मेनू तसाच राहिला अशी तक्रार घेऊन जेवढे जण माझ्याकडे आलेत त्यातले निम्मे हे विसरलेले असतात, एकदा मी स्वतःसुद्धा.

डीफॉल्ट कोणाचा, आणि मी कुठे कुठे चुकलो

सगळ्यात सोपं म्हणजे ग्रब_डिफॉल्ट=० च्या जागी नंबर टाकणं. मोजणी शून्यापासून होते, म्हणजे पहिली ओळ ०, दुसरी १, आणि ॲडव्हान्स्ड ऑप्शन्सच्या पोटात कितीही कर्नल असले तरी बाहेरून ती एकच ओळ. काकांच्या मेनूत विंडोज तिसऱ्या ओळीत होतं, मी २ टाकलं, चाललं. मग कधीतरी मेनूत मेमरी टेस्टच्या ओळी मधे घुसल्या, विंडोज खाली सरकलं, आणि दिवाळी अंकाच्या ऐन गर्दीत काका चहाहून येऊन बघतात तर स्क्रीनवर मेमरी तपासणी चाललीये, टक्के मोजत. ते फोनवर जे बोलले ते इथे लिहीत नाही.

मग मी नेटवरचा लाडका सल्ला ऐकला, ग्रब_डिफॉल्ट=सेव्ह्ड आणि ग्रब_सेव्हडिफॉल्ट=ट्रू. म्हणजे मागच्या वेळी जे निवडलं तेच पुढच्या वेळी. एकट्या माणसाला फार सुखाचं आहे. पण आमच्याकडे धाकटा रात्री उबंटूत असाइनमेंट करतो आणि मशीन बंद करतो, सकाळी काका बटण दाबून जातात, आणि मशीनला धाकट्याची निवड लक्षात असते. रोज सकाळी. दोन माणसं असतील तर हा सल्ला बिनकामाचा, किंबहुना त्याहून वाईट, कारण कधी बरोबर चालतं कधी नाही, आणि मग माणूस मशीनला शिव्या देतो.

तिसऱ्या वेळी नंबरऐवजी नाव दिलं, विंडोज बूट मॅनेजर आणि पुढे कंसात ज्या पार्टिशनवर ते आहे त्याचं नाव. हे सहा महिने टिकलं. मग तपकीर गल्लीतून दुसरी एसएसडी आणून बसवली, डिस्कचा नंबर शून्याचा एक झाला, कंसातलं नाव बदललं, मी लिहिलेलं नाव कुठे जुळेना, आणि जुळलं नाही की ग्रब मुकाट्याने पहिली ओळ उचलतो. परत जांभळा पडदा.

टिकलं ते हे. मेनूतल्या प्रत्येक ओळीला नावाशिवाय एक आयडी असतो, आणि विंडोजच्या आयडीमधे त्या ईएफआय पार्टिशनचा यूयूआयडी, म्हणजे त्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, असतो, जो फॉरमॅट केल्याशिवाय बदलत नाही, मग डिस्क कितीही जोडा. तो बघायला

सुडो ग्रेप ओएसप्रोबर /बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी

इथे ओएसप्रोबर सलग लिहायचं, मधे डॅश नको. विंडोजच्या ओळीच्या शेवटाकडे ओएसप्रोबर-ईएफआय- आणि पुढे चार अक्षरं, डॅश, चार अक्षरं असं काहीतरी दिसेल. ते अख्खं कॉपी करा, हाताने टाइप करू नका. फाइलीत ग्रब_डिफॉल्ट=सेव्ह्ड ठेवा पण ग्रब_सेव्हडिफॉल्टची ओळ काढून टाका, हे महत्त्वाचं आहे, म्हणजे लक्षात ठेवण्याची जागा राहते पण आपोआप लिहिणं बंद होतं. अपडेट-ग्रब करा आणि मग

सुडो ग्रब-सेट-डिफॉल्ट 'तो कॉपी केलेला आयडी'

झालं. आता कोणी काहीही वापरून बंद करो, सकाळी विंडोजच. आणि धाकट्याचं काय, तर तो बसलेला असतोच, बाण वर करून उबंटू घेतो. उबंटूचे अपडेट झाल्यावर त्याला परत उबंटूतच यायचं असेल तर

सुडो ग्रब-रीबूट ०

आणि मग रिस्टार्ट. ही सोय फक्त पुढच्या एका वेळेपुरती असते, त्यानंतर आपोआप काकांचं राज्य. या दोन्ही कमांड चालायला सेव्ह्ड लागतंच, म्हणून ते ठेवायला सांगितलं. एक अडचण, बूट फोल्डर बीटीआरएफएस किंवा एलव्हीएमवर (डिस्कची मांडणी करायच्या वेगळ्या पद्धती) असेल तर ग्रबला बूट होताना त्या नोंदीत लिहिता येत नाही, त्यामुळे एका वेळेची निवड पुसली जात नाही. साध्या ईएक्सटी४ वर काही प्रश्न नाही.

नाव मराठीत ठेवायचा हट्ट

काकांना मेनू कळावा म्हणून मी एक आगाऊपणा केला. इटीसीमधे ग्रब.डी नावाचा फोल्डर आहे, त्यात ४०_कस्टम नावाची फाइल असते, तिथे आपली स्वतःची ओळ घालता येते. विंडोजची अख्खी मेनूएंट्री, कंसासकट, ग्रब.सीएफजीमधून उचलून तिथे खाली चिकटवायची आणि नुसतं नाव बदलायचं. मी ठेवलं "काकांचं दुकान". ग्रबला देवनागरीची अक्षरं दिसतात पण जोडता येत नाहीत, दुकानातला उकार एकीकडे आणि द दुसरीकडे. ज्या माणसाने तीस वर्षं जोडाक्षरं सरळ करण्यात घालवली त्याच्यासमोर हे. "हा फॉन्ट कोणी लावला?" एवढंच म्हणाले. आता इंग्रजी कॅपिटलमधे शॉप आहे. आयडीसुद्धा मी त्या ओळीत बदलून शॉप केला, मग सेट-डिफॉल्टला तोच द्यायचा, लक्षात ठेवायलाही सोपा. दोन ओळींचा आयडी सारखा ठेवू नका एवढंच.

गुरुवार

पुण्यात गुरुवारी लाईट जाते हे वेगळं सांगायला नको. मशीन चालू होत असताना मधेच लाईट गेली की उबंटूचा ग्रब मागचं बूट अर्धवट राहिल्याची नोंद ठेवतो, आणि पुढच्या वेळी तुमचे ५ सेकंद बाजूला ठेवून ३० सेकंद मेनू धरून बसतो. काही बिघडलेलं नसतं. तरी नको असेल तर त्याच फाइलीत ग्रब_रेकॉर्डफेल_टाइमआउट=५ अशी ओळ घाला. त्यापेक्षा यूपीएसची बॅटरी बदला, काकांना मी हे दोन वर्षं सांगतोय.

विंडोजच्या अपडेटनंतर

विंडोजचं मोठं अपडेट आलं की कधी कधी ते फर्मवेअरच्या यादीत स्वतःला वर नेऊन ठेवतं आणि मेनू गायब. काकांना याचं दुःख नसतं, फोन धाकट्याचा येतो. उपाय वर दिलाच आहे, बूटची की दाबून उबंटूत जा, ईएफआयबूटएमजीआरने क्रम लावा. काही बोर्डांवर तो क्रम टिकत नाही, तिथे फर्मवेअरच्या सेटिंगमधेच जाऊन लावावा लागतो.

ऑगस्ट २०२४ मधे वेगळाच प्रकार झाला होता. विंडोजच्या अपडेटने सिक्युअर बूटची (ओळख तपासूनच सिस्टिम चालू होऊ देणारी फर्मवेअरची सोय) एक यादी कडक केली आणि अनेकांचं जुनं लिनक्स चालूच होईना, शिम एसबॅट डेटाची तपासणी फेल आणि सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन असं लिहून मशीन बंद. असं दिसलं तर फर्मवेअरमधे जाऊन सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा (इथेच ती ४८ अंकी की लागू शकते, म्हणून कागद), उबंटूत शिरा, सगळे अपडेट घ्या, आणि तरी चालत नसेल तर मोकयूटिल --सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट हे सुडोने देऊन एकदा रिस्टार्ट करून परत उबंटूतच या, मग सिक्युअर बूट चालू करा.

घड्याळ

याचा मेनूशी संबंध नाही पण पुढचा फोन याचाच येतो. उबंटू वापरून विंडोजमधे आलं की घड्याळ साडेपाच तास मागे. उबंटू बोर्डाच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. आपला फरक ५.३० तासांचा, म्हणून बरोबर तेवढंच.

टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १

उबंटू थोडी कुरकुर करून इशारा देईल. द्या सोडून, ड्युअल बूटच्या मशीनला चालतं.

काळा पडदा आणि नुसतं ग्रब

मेनू बघायला लोक एस्केप बडवत बसतात आणि एकदा जास्त दाबलं गेलं की काळ्या पडद्यावर ग्रब आणि पुढे बाणाचं चिन्ह येतं. घाबरू नका, नॉर्मल असं टाइप करा, एंटर, मेनू परत. पण तिथे ग्रब रेस्क्यू लिहिलं असेल तर ते वेगळं आहे, याचा अर्थ ग्रबला त्याचं सामानच सापडत नाहीये. हे बहुतेक वेळा कोणीतरी विंडोजमधून लिनक्सचं पार्टिशन उडवल्यावर होतं. उबंटू काढायचंच असेल तर आधी फर्मवेअरमधे विंडोज वर आणा, एकदा बंद करून चालू करून बघा, मगच पार्टिशनला हात लावा. उडवून झालं असेल तर बूटची की दाबून विंडोज बूट मॅनेजर निवडा, विंडोज जिथे होतं तिथेच आहे.

बाकी कुठल्याही गोंधळासाठी उबंटूचा एक पेनड्राइव्ह करून ठेवायचा, ज्यावरून मशीन चालू करून दुरुस्ती करता येते. आमचा काकांच्या ड्रॉवरमधे रबरस्टॅम्पच्या डब्यात आहे, आणि झाकणाच्या आतून ती ४८ अंकी की चिकटवलीये, काकांनी स्वतः टाइप करून, चौदा पॉइंट बोल्डमधे, कडेला बॉर्डर देऊन.